कणीतला ठसा

माझ्या नोकरीची पहिली वीस वर्षं दुसऱ्यांना लघवी कधी लागते याची वाट बघण्यात गेली. हसू नका. सरकारी काम होतं, त्याला प्रवासभत्ताही मिळायचा. मुलगी कुस्ती जिंकली, गळ्यात हार पडला, फोटो झाले, की मी बाटली घेऊन तिच्या मागे. कुस्तीत अंगातलं सगळं पाणी घामावाटे गेलेलं असायचं. मग ती पाणी पीत बसणार, मी समोर बसणार, आणि आम्ही दोघी तासन्‌तास एकमेकींची तोंडं बघणार. आमच्या खात्याचं नाव क्रीडा शुद्धता मंडळ. नाव ऐकून सोयरेधायरे विचारायचे, तूप तपासता का हो विजयाताई?

तूप तपासलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

लघवीची चाचणी म्हणजे नाकाबंदी. आज चौकात पोलीस आहेत म्हटल्यावर शहाणा माणूस आज गाडीच काढत नाही. ताकदीसाठी घेतलेलं औषध वेळेत थांबवलं की बाटली स्वच्छ, आणि औषधानं कमावलेला दंड जागच्या जागी. हे आम्हाला कळायचं, खेळाडूंना कळायचं, आणि त्यांना शिकवणाऱ्यांना तर आमच्याही आधी कळायचं. दरवर्षी आम्ही दोन-चार अडाणी पोरं पकडायचो आणि अहवालात कामगिरी समाधानकारक म्हणून लिहायचो.

मग कणी आली.

कणी म्हणजे तांदळाच्या कणीएवढा स्नायूचा तुकडा. दंडातून सुईनं काढतात, मुंगी चावल्यासारखं वाटतं. चाचणीचं खरं नाव लांबलचक आहे, ते निकालावर छापतात आणि कुणी वाचत नाही. त्यामागचं शास्त्र मात्र सोपं आहे. आपल्या बहुतेक पेशींना एकच केंद्रक असतं. स्नायूचा तंतू ही लांबच लांब पेशी. तिचा कारभार एका केंद्रकाला झेपत नाही, म्हणून तिच्यात शेकडो असतात. व्यायामानं ती हळूहळू वाढतात. बाहेरून पुरुषी संप्रेरक दिलं की भराभर वाढतात. औषध बंद केलं की स्नायू उतरतो, पण वाढलेली केंद्रकं जात नाहीत. घरच्या लग्नासाठी चार खोल्या वाढवल्या, तर वऱ्हाड गेल्यावर कुणी त्या पाडत नाही. पुढच्या कार्याला तयारच असतात. तशा स्नायूनं पुन्हा व्यायाम धरला की तो इतरांच्या निम्म्या वेळात भरतो.

एवढं जुन्या लोकांनाही ठाऊक होतं. नवं इतकंच, की केंद्रकातल्या डीएनएवर वयाप्रमाणे रासायनिक खुणा साचत जातात, आणि त्या वाचून ते केंद्रक कधी तयार झालं हे यंत्र आता सांगतं. औषध कितव्या वर्षी गेलं, साधारण किती काळ गेलं, रोज थोडं थोडं गेलं की मधूनमधून भसकन. कोणतं औषध होतं आणि ते कुठल्या वाटेनं आत शिरलं, तेवढं मात्र त्याला कळत नाही.

औषधाची ही खूण म्हणजे ठसा. तो सापडला की जन्मभर बंदी. फायदा जन्मभराचा, म्हणून शिक्षाही जन्मभराची. चुकून लागलं, ही सबब पहिल्याच वर्षी बाद करावी लागली, कारण पहिल्या वर्षी सगळ्यांनाच चुकून लागलं होतं. कुणाच्या टॉवेलला होतं, कुणाच्या मावशीच्या मलमात होतं, एकानं तर सासूचं नाव घेतलं. नियमात एकच फट ठेवली. खेळाडू लहान असताना दुसऱ्या कुणी त्याला जाणूनबुजून औषध दिलं असेल आणि देणाऱ्यावर गुन्हा शाबीत झाला, तर खेळाडूला चार वर्षांची बंदी. पोरांनी बोलावं, देणाऱ्यांची नावं बाहेर यावीत, हा हेतू. कागदावर फार शहाणपणाचं दिसत होतं.

शिवन्या वरुटेचा निकाल आला तेव्हा माझ्या निवृत्तीला चार वर्षं होती आणि माझे दोन्ही गुडघे आधीच निवृत्त झाले होते.

ही पोरगी वीस वर्षांची, कोल्हापूरकडची, वजनगट अडुसष्ट किलो. आशियाई स्पर्धेच्या निवडीत तिनं समोरच्या तिघींना चितपट केलं होतं. हल्ली उन्हामुळे कुस्त्या सकाळी आठच्या आत उरकतात, त्यामुळे नऊ वाजता ती माझ्यासमोर बसून पेढे वाटत होती. तिनं मला दोन दिले. आठवड्यानं तिला परत बोलावून मी सांगितलं, तुझ्या कणीत ठसा आहे. वय बारा ते चौदा, रोज थोडं थोडं.

"नाही ओ मॅडम," ती म्हणाली. "आमच्या आबांना तुम्ही ओळखत नाही. तालमीत कुणाच्या पिशवीत सुई सापडली तर पिशवी नदीत आणि पोरगा रस्त्यावर. ते कुठलं मला देतील?"

"आबा म्हणजे?"

"वस्ताद हिंदुराव मगदूम. माझ्या आईचे वडील. आठ वर्षांची असल्यापासून मी त्यांच्याजवळच आहे."

मी तिला नियम सांगितला. ती ऐकत गेली तसा तिचा आवाज बारीक होत गेला. तसा तिचा आवाज मुळात जाड, पुरुषी म्हणावा इतका. लोक त्याला पैलवानकीचा आवाज म्हणायचे.

"मला कुणी काही दिलंच नाही, तर नाव कुणाचं सांगू?" तिनं विचारलं. "मॅडम, कुस्ती सोडून मला दुसरं काही येत नाही. बारावीसुद्धा दोनदा झालीय माझी."

मी तपासाला येते म्हणाले. तपासात काही निघत नाही हे मला माहीत होतं. तरी गेले, कारण ते पेढे.

पंचगंगेच्या काठावर गाव, गावाच्या कडेला तालीम. दारातून आत गेलं की तांबड्या मातीचा हौदा. ताक, हळद, तेल घालून मळलेल्या त्या मातीचा गार वास. भिंतीवर शेंदरी मारुती आणि मारुतीच्या पायाशी रंगानं लिहिलेलं, 'सुई घेऊन आत येऊ नये'. पायरीवर एक बोका पसरला होता. इतका गलेलठ्ठ बोका मी जन्मात पाहिला नाही.

"त्यो आमचा बिनकष्टाचा पैलवान," वस्ताद म्हणाले. "पोटाला कोन घालतंय, देवालाच म्हाईत. या म्याडम, बसा."

हिंदुराव मगदूम पंच्याहत्तरीला टेकलेले, कान कुस्तीनं चुरगाळलेले, हातात काठी, पाठ मात्र ताठ. निकाल त्यांनी आधीच ऐकला होता. बराच वेळ ते माझ्यावर, मंडळावर, यंत्रावर आणि ते यंत्र आणणाऱ्या सरकारवर तोंडसुख घेत राहिले. मी चहा घेतला. इतक्या वर्षांत शिव्यांचं मला काही वाटेनासं झालं होतं, चहा चांगला होता.

ते थांबल्यावर मी ठरलेला प्रश्न विचारला. "त्या दोन वर्षांत घरात दुसऱ्या कुणाला काही औषध चालू होतं का? गोळ्या, मलम, काहीही?"

हौद्यात दोन पोरं खडाखडी करत होती. वस्तादांनी त्यांना हाक मारून घरी जायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं.

"मलम अंगातनं दुसऱ्याच्या अंगात शिरतं व्हय?" त्यांनी विचारलं.

"कातडीतून शिरतं. लहान पोरांच्या तर जास्तच."

मग त्यांनी सांगितलं. खाली मातीकडे बघत सांगितलं.

शिवन्या बारा वर्षांची असताना ते न्हाणीघरात पडले. खुबा मोडला. डॉक्टर म्हणाला, हाडं पोकळ झालीत, अंगातलं पुरुषी संप्रेरक संपल्यात जमा आहे. त्यानं चोळायला मलम लिहून दिलं. रोज खांद्यावर, पाठीवर. साधा उपचार, हजारो म्हातारे घेतात.

"तवा तालमीत तीस पोरं हुती," वस्ताद म्हणाले. "वस्तादालाच मर्दपणाचं औषध लागतंय म्हटल्यावर लंगोट बांधाय कोन आलं असतं माझ्याकडं? म्हनून म्या काय केलं, नळी आनली की मालिशच्या तेलात पिळायची. बाटलीत मिसळून टाकायची. कुनाला कळाय नगं."

"नळीवर लिहिलेलं असतं," मी म्हटलं. "बायकामुलांचा हात लागू देऊ नका म्हणून. ठळक लिहिलेलं असतं."

"नळी म्या लगीच चुलीत घालायचो."

तालमीची रीत मला ठाऊक होती. संध्याकाळी धाकट्यानं थोरल्याची मालिश करायची. तीही सेवाच आणि व्यायामही; मनगटं तयार होतात. वस्तादांची मालिश त्यांची नात करायची. शाळेतून आली, दप्तर टाकलं, की बाह्या सारून बाटली उचलायची. दोन वर्षं, रोज संध्याकाळी, कोपरापर्यंत हात त्या तेलात. खुबा भरून आला तशी त्यांनी नळी बंद केली होती. पुढं हाडं पुन्हा कुरकुरायला लागली आणि गेल्या वर्षापासून चालू होती. आता मात्र स्वतःच्या हातानं, कडी लावून.

"तिचा आवाज बसला त्याच साली," ते म्हणाले. "वठावर लव आली. बाया म्हनायच्या, पोरगी पैलवानकी करतीया, असंच व्हायचं. आनि मला म्याडम, मला लई बरं वाटायचं. अंग भरत चाललं हुतं तिचं. मी म्हनायचो, माझं रगात हाय."

ते रडले. मोठा माणूस रडायला लागला की मला कुठं बघावं कळत नाही. मी मारुतीच्या पायाजवळची ती अक्षरं पुन्हा पुन्हा वाचत बसले. सुई काही आत आली नव्हती, ते खरंच होतं.

थोड्या वेळानं त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "आता नियम काय म्हनतो?"

"हे जसंच्या तसं लिहिलं तर चुकून लागलं यात मोडतं. जन्मभर बंदी."

"आनि कुनी मुद्दाम दिलं असतं तर?"

"तर चार वर्षं. ती चोवीस वर्षांची होईल. पण देणाऱ्याला तुरुंग. तालमीला कुलूप."

"म्हंजी पोरीच्या अंगात गेलं त्ये तेवढंच. म्या मूरख असलो तर तिला जलमभर, आनि चोर असलो तर चार वर्सं."

"हो."

"कुनी केला ह्यो नियम?"

एका समितीनं केला होता, समितीतली सगळी माणसं भली होती.

वस्तादांनी काठी उभी आडवी करत बराच विचार केला. "तुमच्या यंत्राला कळतं का, पोटातनं गेलं का कातड्यातनं?"

"नाही."

"रोज थोडं थोडं, येवढंच दिसतंय?"

"एवढंच."

"बरं," ते म्हणाले. निघताना दारापर्यंत आले. "शिवूला तेलाचं सांगू नका. सोताच्या हाताची किळस यील तिला. त्या हातावर तर तिला जगायचं हाय."

सुनावणी पुण्यात झाली. वस्ताद गुलाबी फेटा बांधून आले होते, जसे फडावर पंच म्हणून जात तसे. शिवन्या आईबरोबर कोपऱ्यात बसली होती. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते, सौम्य माणूस. वस्तादांनी त्यांना वाकून नमस्कार केला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "म्याच दिलं. रोज रातच्याला दुधातनं. पोरीला काय ठावं न्हवतं. मला घरात एक हिंदकेसरी पायजे हुता."

खोलीत कुणीतरी "अरेरे" म्हणालं. एवढं निर्लज्ज खोटं इतक्या ताठ मानेनं बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं, आणि नोकरीत मी खोट्याशिवाय दुसरं फार काही ऐकलेलं नाही.

अध्यक्ष शिवन्याकडे वळले. "बाळ, वस्ताद तुला रोज दूध द्यायचे?"

"हो."

"ते तू प्यायचीस?"

ती आजोबांकडे बघत राहिली. ते फेट्याचा शेमला नीट करत होते. "हो," ती म्हणाली.

मग अध्यक्षांनी मला विचारलं, "माळवदेबाई, तुमच्या तपासात याच्याशी विसंगत असं काही?"

मी उभी राहिले. गुडघे दुखत होते. खरं सांगितलं असतं तर एक चांगला माणूस वाचत होता आणि एक पोरगी मरत होती. शिवाय त्या चांगल्या माणसाला वाचायचंच नव्हतं. मी फार थकले होते हो. शुद्धतेच्या नावानं इतकी वर्षं हिंडल्यावर खरं कुठं आणि न्याय कुठं, याचा शोध घ्यायचं माझ्यात त्राण उरलं नव्हतं. "ठसा रोज थोडं थोडं असा आहे," मी म्हटलं. "दुधाशी जुळतं." आणि खाली बसले.

पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं. वस्तादांना दोन वर्षांची कैद झाली. तालमीला कुलूप लागलं. ज्यांना त्यांनी लंगोट बांधायला शिकवलं होतं, त्यातल्याच काहींनी मारुतीच्या पायाशी लिहिलेल्या त्या अक्षरांवर डांबर फासलं. शिवन्या आईकडे इचलकरंजीला गेली. वार्ताहरांनी तिला गाठलं तेव्हा म्हणाली, "ते माझे कुणी नाहीत." मी ती बातमी बघितली आणि टीव्ही बंद केला. वस्ताद सुटून आले ते तालमीच्या मागच्या खोलीत एकटेच राहू लागले. त्या बाजूला काम निघालं तर मी डोकावत असे. ते चहा करत. नातीविषयी ते विचारत नसत आणि मीही सांगत नसे.

बंदी संपल्यावर शिवन्या मॅटवर परतली त्याच हंगामात मी निवृत्त होणार होते. पहिल्याच स्पर्धेत तिनं सुवर्ण घेतलं. सकाळी नऊला ती माझ्यासमोर येऊन बसली आणि तिनं बाही वर केली. नियमाप्रमाणे तिची कणी आता दरवर्षी काढायची होती, नवा ठसा पडलेला नाही ना हे बघायला. पेढे नव्हते.

मी सुई लावली. ती भिंतीकडे बघत म्हणाली, "मॅडम, आबांनी दुधातून काही दिलं नव्हतं."

"कशावरून?"

"मी दूध पीतच नव्हते ओ. लहानपणापासून साय बघितली तरी मळमळतं. आबा पेला भरून द्यायचे, त्यांच्यासमोर नको म्हणायची छाती नव्हती. मागच्या दारानं जायचं आणि बोक्याला ओतायचं. तो एवढा फुगला होता तो कशानं?"

मला तो पायरीवरचा बोका आठवला.

"सुनावणीत आबा दूध म्हणाले आणि मला त्याच क्षणी कळलं, हे खोटं बोलतायत. साहेबांनी विचारलं, प्यायचीस का. मी नाही म्हणाले असते तर आबा सुटले असते. मला खेळायचं होतं ओ मॅडम. मी हो म्हटलं. आणि मग चार वर्षं त्यांना तोंड दाखवलं नाही. लोकांना वाटलं, रागानं."

तिचा तो जाड आवाज फुटला. चितपट करताना ज्या पोरीचा श्वास चढत नाही, ती पोरगी हुंदके द्यायला लागली. मी कणी बाटलीत टाकली, दंडावर कापूस दाबला आणि दाबूनच धरला.

"मग काय होतं ते?" तिनं विचारलं. "तुम्हाला माहिती आहे. तुम्ही तिथं गेला होता. त्यांनी खोटं का सांगितलं?"

वस्तादांनी सांगू नका म्हटलं होतं, आणि मी तोवर पाळलं होतं. पण आजा नातीसाठी खोटं बोलतो, नात स्वतःसाठी खोटं बोलते, आणि दोघांच्या मधे मी गप्प बसते, याचा मला एकाएकी इतका वीट आला की मी सगळं सांगून टाकलं. खुबा, मलम, चुलीत घातलेल्या नळ्या, तेलाची बाटली. मुद्दाम दिलं तर चार वर्षं आणि चुकून लागलं तर जन्मभर, हेही. किळस येईल म्हणून तुला सांगू नका म्हणाले होते, हेसुद्धा.

शिवन्यानं दोन्ही तळहात मांडीवर उताणे ठेवले आणि ती त्यांच्याकडे बघत राहिली. बाहेर पदकांचा कार्यक्रम चालू होता, तिचं नाव दोनदा पुकारून झालं.

"अजून लावतात ते मलम?" तिनं विचारलं.

"मी गेले होते त्याच दिवशी बंद केलं. आता दोन काठ्या लागतात."

"मग पाठ कोण रगडतं त्यांची?"

"कुणी नाही."

तिनं बाही खाली ओढली. "कणी झाली ना, मॅडम?"

"झाली. तुझं नाव पुकारतायत बाहेर."

"पुकारू दे," ती उठत म्हणाली. "आत्ता निघाले तर दिवस मावळायच्या आत पोचते. मालिश सांजच्याला करायची असते."